वनस्पती तेलावर ट्रॅक्टर चालवताना डिझेल फिल्टर चोक होतो : कारण कसे ओळखावे आणि उपाय कोणत्या क्रमाने करावे

जुना ट्रॅक्टर वनस्पती तेलावर चालवणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. दहा-पंधरा तासांच्या कामात फिल्टर चोक होतो, नांगर जमिनीत उतरला की इंजिनाचा दम जातो, मेकॅनिक नवा फिल्टर बसवून देतो आणि तोही तितक्याच तासांत चोक होतो. चूक अशी की, फिल्टरला दोषी धरून तोच पुन्हा पुन्हा बदलला जातो. फिल्टरने त्याचे काम केलेले असते. जे तेल टाकीत जायलाच नको होते ते त्याच्यापर्यंत पोहोचले, हा खरा दोष आहे. तेल साफ करण्याची जागा ड्रमपाशी आहे, ट्रॅक्टरवर नाही. ट्रॅक्टरवरचा फिल्टर हा शेवटचा पहारेकरी आहे आणि त्याच्या वाट्याला जवळजवळ काहीच येऊ नये, एवढी तयारी आधी व्हायला हवी. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. मधला टप्पा वगळून पुढचा केल्यास उपयोग होत नाही.

काम हाती घेण्यापूर्वी : पंप कोणता आहे ते पाहा

हा लेख इनलाइन इंजेक्शन पंप (नोझलकडे दाबाने इंधन पाठवणारा पंप) असलेल्या जुन्या, यांत्रिक इंजिनांपुरता आहे. इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा प्लंजर (दट्ट्या) असतो, ते एका ओळीत उभे असतात आणि पंपाच्या कॅमला ऑइलचे वंगण मिळते. रोटरी पंपाचे आतले भाग इंधनाच्याच वंगणावर फिरतात. थंड, जाड तेल त्यात गेले तर पंप जाम होऊन त्याचा शाफ्ट तुटू शकतो. कॉमन रेल इंजिनात (नव्या, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या) वनस्पती तेल घालूच नये.

दुसरे असे की, ट्रॅक्टरची इंजिने सहसा डायरेक्ट इंजेक्शनची, म्हणजे इंधन थेट सिलिंडरात सोडणारी असतात. अर्धवट जळालेले तेल त्यांच्या इंधन फवारणाऱ्या नोझलवर कार्बन धरते आणि पिस्टनच्या रिंगांवाटे खाली उतरून इंजिन ऑइल घट्ट करते. त्यामुळे इंजिन ऑइल नेहमीच्या निम्म्या तासांत बदलण्याची तयारी असेल तरच पुढे जावे. ट्रॅक्टर रस्त्यावर नेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात परवानगीशिवाय करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मनाई आहे. आरटीओ कार्यालय आणि विमा कंपनी यांच्याकडे आधी चौकशी करावी.

टप्पा १ : चोक झालेला फिल्टर उघडून वाचा

काढलेला फिल्टर भंगारात टाकू नये. कारण सांगणारा पुरावा त्यातच असतो.

पेपर फिल्टर बाहेर काढून निथळू द्यावा, नंतर कडेने पात्याने कापून कागदाच्या घड्या उलगडाव्यात. हॅक्सॉ वापरल्यास पत्र्याचा कीस कागदावर पडतो आणि पंपाचा धातू झिजून आला की काय, अशी उगाच शंका येते; म्हणून डब्याचा पत्रा कापताना कीस खाली पडेल असा डबा आडवा धरावा. कागदाचा बोटभर तुकडा स्टीलच्या वाटीत ठेवून ती वाटी गरम पाण्यात बसवावी आणि पाच मिनिटांनी पाहावे.

पांढरट, मेणासारखा थर वाटी गरम होताच वितळला, तर तेलातील घट्ट होणारा अंश थंडीत गोठला होता. असा फिल्टर गाळाने भरलेला नसतो, तो फक्त थिजलेला असतो. चिमटीत चोळल्यावर कण बोचले, तर तो तळणीचा चुरा किंवा बेसन आहे. कागद फुगून मऊ पडला असेल आणि फिल्टर ज्यात बसतो त्या वाडग्याच्या तळाशी दुधाळ थर असेल, तर पाणी आले आहे. तपकिरी, चिकट थर गरम पाण्याने सुटत नाही आणि डिझेलनेही धुतला जात नाही, तेव्हा तेल जुने होऊन राळेसारखे झाले आहे असे समजावे. काळा, बुळबुळीत गाळ बहुधा टाकीच्या तळाचा असतो. वर्षानुवर्षे बसलेला हा गाळ इंधन बदलल्यावर सुटू लागतो, म्हणून पहिल्या दोन-तीन भरण्यांत फिल्टर लवकर चोक झाल्यास ते स्वाभाविक आहे.

कागद जवळजवळ स्वच्छ निघाला आणि तरीही इंजिनाला इंधन पुरत नव्हते, तर फिल्टर बदलून काहीच साधणार नाही. ४० अंश सेल्सिअसला डिझेलची स्निग्धता (जाडपणा) २ ते ४.५ सेंटिस्टोक (ती मोजण्याचे एकक) असते, तर खाद्यतेलांची साधारण ३० ते ४०. इतके जाड तेल थंड असताना स्वच्छ कागदातूनही पुरेसे उतरत नाही. टाकीतून इंधन ओढणारा फीड पंप ते जोराने ओढू लागतो आणि डिझेल असताना कधी न जाणवलेल्या सैल जोडातून हवा आत येते. तेथे उपाय टप्पा ५ आणि ६ मध्ये आहे.

तपासणी : वरीलपैकी कोणते कारण सापडले ते तारीख आणि तासांच्या मीटरच्या आकड्यासह वहीत लिहावे. एकाच फिल्टरमध्ये दोन कारणे सापडणे ही नेहमीची गोष्ट आहे. तळणीचा चुरा आणि पाणी तर बहुधा जोडीनेच येतात.

टप्पा २ : तेल घेतानाच निवड करा

आपल्याकडे हॉटेल आणि वडापावच्या गाड्यांवरून मिळणारे तेल बहुतेक पामोलीन असते. ते उन्हाळ्यात पातळ आणि पारदर्शक दिसते, त्यामुळे घेणारा फसतो. त्यातला घट्ट होणारा अंश थंडीतच दिसतो. नाशिक जिल्ह्यात निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो, आणि तेवढ्या थंडीत पामोलीनचा डबा पहाटे पिठल्यासारखा घट्ट झालेला असतो. पामतेल साधारण ३५ अंशांना वितळते, खोबरेल साधारण २४-२५ अंशांना, आणि वनस्पती तूप त्याहून घट्ट असते. तळणीत वनस्पती तूप वापरणाऱ्याचे तेल घेऊच नये.

जास्त वेळा तळलेले तेलही टाळावे. ज्या तेलातील एकूण ध्रुवीय घटक (तळून तळून तेल खराब होताना तयार होणारे) २५ टक्क्यांहून अधिक झाले ते तळणीसाठी वापरू नये, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. खाण्याच्या दृष्टीने केलेला हा नियम आपल्यालाही उपयोगी आहे, कारण हे घटक वाढलेले तेल म्हणजे घट्ट, चिकट होत चाललेले तेल. बोट बुडवून वर काढावे. तेल तार धरून ओघळत असेल आणि त्याला रंगासारखा उग्र वास येत असेल, तर ते फुकट मिळाले तरी घेऊ नये.

घाण्याच्या ताज्या तेलाची अडचण वेगळी असते. करडई, शेंगदाणा किंवा करंज यांच्या न शुद्ध केलेल्या तेलात डिंकासारखा अंश आणि पेंडीची बारीक पूड असते. ते किमान तीन-चार आठवडे स्थिर ठेवल्याशिवाय गाळायला घेऊ नये. जवसाचे तेल हवेत आपोआप वाळून पापुद्रा धरते, म्हणून ते इंधनासाठी पूर्णपणे वर्ज्य आहे.

टप्पा ३ : निवळू द्या आणि पाणी काढा

२०० लिटरचा ड्रम विटांवर उंच ठेवावा, त्याला तळापासून साधारण १५ सेंटिमीटर वर एक तोटी आणि अगदी तळाशी दुसरी तोटी बसवावी. तेल वरच्या जाळीतून ओतून उन्हात झाकून ठेवावे आणि किमान दोन आठवडे हलवू नये. खालच्या तोटीतून आधी पाणी आणि गाळ काढावा, नंतर वरच्या तोटीने तेल घ्यावे. तळातले १५ सेंटिमीटर तेल पुढच्या खेपेस निवळायला पुन्हा ड्रममध्येच राहू द्यावे. शेवटचे काही लिटर वाचवण्याच्या मोहाने ड्रम तिरका करणे, ही सर्वांत महागात पडणारी काटकसर आहे.

सावधान : पाणी उडवण्यासाठी ड्रमखाली चूल पेटवू नये. तळाचे पाणी वरच्या तेलाखाली एकदम उकळते आणि गरम तेल उसळून बाहेर येते.

तपासणी : वरच्या तोटीतून काढलेले चमचाभर तेल कोरड्या, चांगल्या तापलेल्या तव्यावर टाकावे. डोळ्यांना चष्मा असावा आणि तोंड दूर ठेवावे. तडतड झाली किंवा बारीक बुडबुडे उठले, तर पाणी आहे. आणखी एक आठवडा थांबावे. तेल शांतपणे पसरले तरच पुढे जावे.

किती स्वच्छता पुरेशी, याचे एक माप उपयोगी पडते. इंधन म्हणून वापरायच्या रेपसीड तेलासाठी जर्मनीत डीआयएन ५१६०५ हे मानक आहे. त्यात गाळ दर किलोला २४ मिलिग्रॅमहून आणि पाणी ०.०७५ टक्क्यांहून अधिक चालत नाही. हे आपल्या २०० लिटरच्या ड्रमला लावले, तर संपूर्ण ड्रममध्ये साडेचार ग्रॅमच्या आत गाळ आणि साधारण १४० मिलिलिटरच्या आत पाणी, एवढीच मुभा उरते. साडेचार ग्रॅम म्हणजे चहाचे साधारण दोन सपाट चमचे बेसन.

टप्पा ४ : गाळणे थंड तेलाचेच करा

बहुतेकांची मोठी चूक या टप्प्यावर होते. गरम तेल पटकन गाळले जाते म्हणून ते तापवून गाळतात. तापवल्यावर घट्ट होणारा अंश तेलात विरघळतो, तो कापडातून आणि पिशवीतून बिनबोभाट खाली उतरतो आणि रात्री टाकीत, पाइपात व फिल्टरच्या कागदावर पुन्हा गोठतो. पहिल्या हिवाळ्यात मी स्वतः हेच केले होते. गाळलेले तेल काचेच्या बरणीत मधासारखे स्वच्छ दिसत होते. दोन रात्रींनंतर फिल्टर उघडला तेव्हा कागदाच्या प्रत्येक घडीत मेणबत्तीच्या मेणासारखा थर होता, आणि तो हातावर घेताच वितळला. त्यानंतर मी तेल तापवून गाळणे बंद केले.

क्रम असा ठेवावा. तेल ज्या ऋतूत वापरायचे त्या ऋतूच्या रात्रीच्या गारव्यात ते दोन-तीन रात्री राहू द्यावे. सकाळी ऊन चढण्यापूर्वी वरचे पातळ तेल अलगद काढावे आणि तळाचा घट्ट भाग मार्च-एप्रिलसाठी वेगळ्या डब्यात ठेवावा. मग ते तेल आधी १०० मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), नंतर २५ आणि नंतर ५ मायक्रॉनच्या फिल्टर पिशवीतून स्वतःच्या वजनाने खाली उतरू द्यावे. शेवटी १ मायक्रॉनची पिशवी मिळाल्यास उत्तम. पंपाच्या प्लंजर आणि बॅरलमधली फट अवघ्या काही मायक्रॉनची असते, हे लक्षात घेतल्यास या पायऱ्या जाचक वाटणार नाहीत. थंड तेलाला एका पिशवीतून उतरायला रात्रभर लागू शकते. ते लागू द्यावे. वरून पंपाने दाब दिल्यास पिशवीची शिवण उसवते किंवा मऊ गाळ दाबाने आरपार जातो.

सावधान : तेलाने भिजलेली फडकी आणि जुन्या पिशव्या गोळा करून कोपऱ्यात ठेवू नयेत. तेल हवेत वाळताना उष्णता निर्माण होते आणि चुरगळलेल्या फडक्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. ती पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकावीत.

टप्पा ५ : टाक्या आणि पाइप

वनस्पती तेलासाठी स्वतंत्र टाकी लागते. इंजिन डिझेलवरच चालू करायचे आणि डिझेलवरच बंद करायचे, हा या पद्धतीचा पाया आहे. एकाच टाकीत डिझेल आणि तेल मिसळून चालवणाऱ्याला पुढचा एकही टप्पा नीट करता येत नाही.

तेलाची टाकी धुवून पूर्ण वाळवावी आणि तिच्या बाहेर पडणाऱ्या नळीचे तोंड तळापासून तीन-चार सेंटिमीटर वर ठेवावे. तांब्याचे आणि पितळेचे पाइप काढून टाकावेत, कारण तांब्याच्या संपर्कात तेल लवकर चिकट होते. पोलादी किंवा ॲल्युमिनियमचे पाइप चालतात. साधे रबर तेलाने फुगते, म्हणून लवचीक जोडांसाठी व्हिटॉनची (तेलाने न फुगणाऱ्या कृत्रिम रबराची) नळी घ्यावी आणि पाइपचा व्यास डिझेलच्या पाइपपेक्षा एक माप मोठा ठेवावा.

डिझेलचा मार्ग आहे तसा राहू द्यावा. टाकी, काचेची वाटी, फीड पंप, पहिला कापडी फिल्टर, दुसरा पेपर फिल्टर, हा त्याचा क्रम बदलू नये. तेलाला स्वतःचा फिल्टर आणि स्वतःचा १२ व्होल्टचा छोटा पंप द्यावा, आणि दोन्ही मार्ग इंजेक्शन पंपाच्या अगदी तोंडाशी बदली व्हॉल्व्हने जोडावेत. व्हॉल्व्ह फिल्टरच्या आधी लावला, तर तेल आणि डिझेल दोन्ही एकाच फिल्टरमधून जातात आणि इंजिन बंद करण्यापूर्वी तो फिल्टर तेलातून मोकळा करायला फार वेळ लागतो.

उरलेले इंधन टाकीत परत नेणाऱ्या, परतीच्या पाइपकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. इंजिन तेलावर असताना परतीचा पाइप डिझेलच्या टाकीत उघडत असेल, तर डिझेलची टाकी हळूहळू तेलाने भरते आणि काही दिवसांनी सकाळी इंजिन चालू होणेच अवघड होते. परतीसाठीही दुसरा बदली व्हॉल्व्ह हवा.

तपासणी : पंपापूर्वी हातभर पारदर्शक नळी तात्पुरती बसवून इंजिन दहा मिनिटे चालवावे. बुडबुड्यांची माळ दिसली तर जोड हवा घेतो आहे. ओ रिंग आणि तांब्याचे वायसर नवे घालावेत. जुने वायसर जोराने आवळून हवा थांबत नाही, उलट बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) आटे जातात. व्हॉल्व्हपुढच्या भागात तेल जेमतेम थांबते, म्हणून तेथील तांब्याच्या वायसरांना हरकत नाही.

टप्पा ६ : फिल्टरपाशी उष्णता

तेलाचा फिल्टर इंजिनाच्या रेडिएटरमधील गरम पाण्याने तापवावा. फिल्टरच्या डब्याभोवती नळीचे वेटोळे घालून वर जाड कापड गुंडाळले तरी काम होते. फिल्टरपूर्वी उष्णता विनिमयाची छोटी पेटी बसवली तर अधिक चांगले. तेल फिल्टरमध्ये शिरताना ७० अंशांच्या आसपास असावे. ७०-८० अंशांना तेलाची स्निग्धता साधारण १० ते १५ सेंटिस्टोकपर्यंत उतरते. ही डिझेलच्या तोडीची नव्हे, पण कागदातून सुरळीत जाण्याइतकी असते.

फक्त फिल्टर तापवून भागत नाही. टाकीपासून फिल्टरपर्यंतचा पाइप थंड राहिला, तर तेल फिल्टरपर्यंत पोहोचणारच नाही. गरम पाण्याची नळी आणि तेलाचा पाइप एकाच वेष्टनात शेजारी नेल्यास हा प्रश्न सुटतो.

तपासणी : स्वयंपाकघरातला अंदाज येथे चालत नाही. फिल्टरच्या डब्याला तापमापक लावावा आणि किती मिनिटांत ७० अंश येतात ते उन्हाळ्यात व हिवाळ्यात वेगवेगळे लिहून ठेवावे.

टप्पा ७ : फिल्टर बदलणे आणि एअर काढणे

१. इंजिन डिझेलवर आणून बंद करावे आणि टाकीचा कॉक बंद करावा. फिल्टरभोवतीची माती आधी फडक्याने आणि ब्रशने काढावी. डबा उघडल्यावर पडलेली माती थेट पंपाकडे जाते.

२. वाडगा डिझेलने धुवावा, फुंकर मारून किंवा कापसाने पुसून वाळवू नये, कारण कापसाचे तंतू आतच राहतात.

३. नवा फिल्टर आणि नवी ओ रिंग बसवावी. तेलाच्या मार्गावरील फिल्टरचा वाडगासुद्धा पहिल्यांदा स्वच्छ डिझेलने भरावा, म्हणजे हवा लवकर निघते.

४. पहिल्या फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करून हॅण्ड प्रायमर (हाताने इंधन चढवायचा पंप) मारावा. फेस थांबून अखंड धार आली की, प्रायमर दाबलेला असतानाच स्क्रू आवळावा. नंतर दुसरा फिल्टर, त्यानंतर इंजेक्शन पंप, याच क्रमाने तेच करावे. तेलाच्या मार्गातली हवा १२ व्होल्टचा पंप चालू ठेवून याच पद्धतीने काढावी.

५. एवढे करूनही इंजिन चालू झाले नाही, तरच नोझलचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारावा. उच्च दाबाची धार कातडीत शिरू शकते, म्हणून हात त्यापासून दूर ठेवावा.

६. फिल्टरवर तारीख आणि मीटरचे तास मार्करने लिहावेत.

टप्पा ८ : रोजचा क्रम

सकाळी इंजिन डिझेलवर चालू करावे आणि काम सुरू करावे. नुसते उभे ठेवून तापवत बसू नये, कारण बिनओझ्याच्या इंजिनात नोझलवर कार्बन लवकर धरतो. फिल्टर ७० अंशांवर आला आणि औजार जमिनीत असून इंजिनावर ओझे आहे, अशी खात्री झाल्यावरच तेलावर यावे. बांधावर बोलत उभे राहायचे असेल किंवा हलके काम असेल, तर डिझेलवरच राहावे.

दिवस संपण्यापूर्वी, शेवटची दोन-तीन तासे (नांगराच्या ओळी) मारायची असतानाच डिझेलवर यावे, म्हणजे पंप आणि नोझल यांतले तेल कामातच जळून जाते. परतीचा व्हॉल्व्ह मात्र एक-दोन मिनिटे उशिराने डिझेलकडे वळवावा. पंप आणि नोझल तेलातून मोकळे व्हायला एकूण किती वेळ पुरतो, हे आपल्या ट्रॅक्टरवर एकदा पारदर्शक नळी लावून पाहावे. माझ्या ट्रॅक्टरला पाच मिनिटे पुरतात.

शेतातच दम गेला तर

आधी डिझेलवर यावे. डिझेलवर इंजिन पूर्ववत चालले, तर दोष तेलाच्या मार्गात आहे आणि काम डिझेलवर पूर्ण करता येते. डिझेलवरही तीच अडचण असेल, तर डिझेलचे फिल्टर, टाकीची हवेची वाट आणि फीड पंपाची जाळी पाहावी.

तेलाच्या मार्गात दोष असल्यास आधी तापमापक पाहावा. तेल थंड असेल, तर गरम पाण्याच्या नळीत हवा अडकली आहे किंवा रेडिएटरचे पाणी कमी झाले आहे. तेल गरम असेल, तर पारदर्शक नळीत बुडबुडे आहेत का ते पाहावे. तेही नसतील, तेव्हाच फिल्टर उघडावा आणि टप्पा १ प्रमाणे तो कापून वाचावा. औजारांच्या पेटीत नेहमी दोन नवे फिल्टर, चार ओ रिंगा, वायसरांचा एक संच आणि पाच लिटर स्वच्छ डिझेलचा कॅन ठेवावा.